सामायिक मैदान (फुटबॉल)

फुटबॉलमध्ये एखाद्या क्लबाने आपले घरचे सामने दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर, त्याच्या संमतीने आणि ठरलेला मोबदला देऊन खेळण्याच्या व्यवस्थेस सामायिक मैदान असे म्हणतात. ही व्यवस्था कायमस्वरूपी असू शकते किंवा तात्पुरती. प्रस्तुत लेखात मुख्यतः तात्पुरत्या व्यवस्थेचा, म्हणजे जुने स्टेडियम पाडून नवे उभे राहीपर्यंत, अथवा जुने हातचे गेल्यावर नवे मिळेपर्यंत परक्या मैदानावर काढलेल्या काळाचा विचार केला आहे. कायमच्या सहवासाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे इटलीतील मिलान शहराचे सान सिरो. तेथे एसी मिलान आणि इंटर हे कट्टर प्रतिस्पर्धी १९४७ पासून एकत्र नांदत आहेत.

फुटबॉलच्या परिभाषेत स्वतःच्या मैदानावर खेळणाऱ्या संघास यजमान संघ व समोरच्यास पाहुणा संघ म्हणतात. सामायिक मैदानाच्या संदर्भात हे शब्द घोटाळ्याचे ठरतात, कारण परक्याच्या घरी राहणारा क्लबही त्या दिवसापुरता यजमानच असतो. म्हणून या लेखात ज्याचे मैदान त्याला घरमालक क्लब आणि आश्रयास आलेल्यास भाडेकरू क्लब असे म्हटले आहे. क्वचित घरमालकच आपल्या मैदानावर पाहुणा म्हणून उतरतो. १९८९-९० च्या हंगामात चार्लटन ॲथलेटिक आणि क्रिस्टल पॅलेस हे दोघेही इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत होते व दोघांचेही घर सेलहर्स्ट पार्क हेच होते. त्यामुळे त्या वर्षीच्या दोन सामन्यांपैकी एका सामन्यात पॅलेसला स्वतःच्याच मैदानावर पाहुणा व्हावे लागले. सान सिरोवर याहूनही विचित्र प्रसंग घडला. २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मिलान व इंटर यांच्यातील दोन्ही सामने त्याच मैदानावर ०-० व १-१ असे बरोबरीत सुटले. ज्या सामन्यात इंटर कागदोपत्री यजमान होता, त्यात मिलानने केलेला गोल ‘परक्या मैदानावरील गोल’ ठरला आणि त्याच्या बळावर मिलान अंतिम फेरीत गेला.

कारणे

नवे स्टेडियम बांधू इच्छिणाऱ्या क्लबापुढे साधारणतः तीन मार्ग असतात. पहिला, दुसऱ्या जागेवर बांधकाम करावे आणि ते पुरे होईपर्यंत जुन्या मैदानावर खेळत राहावे. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी सोडून जवळच्याच एमिरेट्स स्टेडियममध्ये प्रवेश केला तो असा. एव्हर्टननेही २०२५ मध्ये गुडिसन पार्कवरून मर्सी नदीच्या गोदीतील नव्या वास्तूत जाताना हेच केले. दुसरा मार्ग म्हणजे एकेक स्टँड पाडून बांधत जाणे. यात खेळ थांबत नाही, परंतु काम वर्षानुवर्षे रेंगाळते आणि तेवढा काळ प्रेक्षकसंख्या घटलेली राहते. तिसरा मार्ग म्हणजे सारे मैदान एकदम मोकळे करून देणे. जेथे क्लबाला आपली जुनी जागा सोडायची नसते आणि वास्तू मात्र मुळापासून नवी हवी असते, तेथे या तिसऱ्या मार्गावाचून गत्यंतर नसते आणि मग परक्या घराचा शोध सुरू होतो.

हे झाले स्वेच्छेने घेतलेल्या निर्णयाविषयी. परंतु या विषयाच्या इतिहासात स्वेच्छेपेक्षा सक्तीचीच उदाहरणे अधिक आहेत. युद्धातील बॉम्बफेक, आग, कर्जापायी झालेली जमिनीची विक्री, सुरक्षिततेचे नवे कायदे अशी ती कारणे आहेत. इंग्लंडमध्ये १९८५ ते २००० या काळात अनेक क्लबांवर बेघर होण्याची पाळी आली, त्यामागे दोन दुर्घटना आहेत. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड सिटी क्लबाच्या व्हॅली परेड मैदानावरील लाकडी स्टँडला आग लागून ५६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तिच्या बळींची संख्या अखेरीस ९७ झाली. हिल्सबरोनंतर नेमलेल्या लॉर्ड टेलर यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. त्याच्या आधारे वरच्या दोन श्रेणींतील क्लबांनी १९९४ पर्यंत उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या काढून सर्वत्र आसने बसवावीत, असे ठरले. प्रेक्षकांच्या जिवाच्या दृष्टीने हा निर्णय अगत्याचा होता. परंतु दाट वस्तीत, घरांच्या रांगांमध्ये अडकलेल्या लहान क्लबांना तेवढा खर्च पेलवणारा नव्हता आणि त्यांच्या मैदानाची जमीन मात्र दुकाने व घरे बांधणाऱ्यांच्या लेखी सोन्याच्या मोलाची होती.

आग लागल्यानंतर ब्रॅडफर्ड सिटीने सुमारे दीड वर्ष लीड्स, हडर्सफील्ड आणि ब्रॅडफर्डमधीलच ऑडसल या रग्बी मैदानावर आपले घरचे सामने खेळले. पुनर्बांधणी झालेले व्हॅली परेड १४ डिसेंबर १९८६ रोजी पुन्हा खुले झाले.

युद्धकाळ

सामायिक मैदानाची सर्वांत उदार उदाहरणे युद्धकाळात सापडतात. पहिल्या महायुद्धात टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानाचा ताबा युद्धसाहित्याच्या निर्मितीसाठी घेण्यात आला, तेव्हा शेजारच्या आर्सेनलने त्याला हायबरीवर जागा दिली. दुसऱ्या महायुद्धात हायबरी हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या दलाच्या ताब्यात गेले आणि आर्सेनलने व्हाइट हार्ट लेनचा आश्रय घेतला. उत्तर लंडनमधील या दोन क्लबांचे वैर आज जगजाहीर आहे. दोघांनीही एकमेकांच्या घरी दिवस काढले आहेत, हे मात्र त्यांच्या अनेक तरुण समर्थकांच्या गावीही नसते.

मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड ११ मार्च १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. मुख्य स्टँड जळाला आणि मैदानातील गवतही होरपळले. युनायटेड आपल्या शहरातील प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मेन रोडवर गेला. युद्ध संपल्यावरही सरकारी भरपाई आणि बांधकामाचे साहित्य मिळण्यास विलंब लागल्याने तो १९४९ पर्यंत तेथेच राहिला. या भाडेकरूपणाच्या काळात युनायटेडने मॅट बस्बी यांच्या मार्गदर्शनाखाली १९४८ चा एफए चषक जिंकला. १७ जानेवारी १९४८ रोजी मेन रोडवर आर्सेनलविरुद्धच्या सामन्यास ८३,२६० प्रेक्षक उपस्थित असल्याची नोंद सांगितली जाते. इंग्लिश लीगच्या सामन्याचा हा विक्रम भाडेकरूने परक्याच्या घरी केलेला आहे. पुढे १९५६ मध्येही, ओल्ड ट्रॅफर्डवर प्रकाशझोताची सोय नसल्यामुळे, युनायटेडने युरोपियन चषकातील अँडरलेख्टविरुद्धचा सामना मेन रोडवरच खेळला आणि १०-० असा जिंकला.

चार्लटन ॲथलेटिक

दक्षिण-पूर्व लंडनमधील चार्लटन ॲथलेटिकचे व्हॅली हे मैदान एके काळी देशातील सर्वांत विस्तीर्ण क्लब-मैदानांपैकी एक होते. १९३८ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या चषक सामन्यास तेथे ७५,०३१ लोक जमले होते. १९८० च्या दशकात क्लब कर्जबाजारी झाला. १९८४ मध्ये नव्या मालकांनी तो दिवाळखोरीतून वाचवला, परंतु मैदानाची मालकी माजी अध्यक्षांकडेच राहिली. ब्रॅडफर्डच्या आगीनंतर सुरक्षिततेच्या कारणास्तव व्हॅलीच्या पूर्वेकडील अजस्र पायऱ्या बंद करण्यात आल्या, शिवाय पश्चिमेकडील स्टँडमागच्या जमिनीवरूनही वाद उद्भवला. सप्टेंबर १९८५ मध्ये व्हॅलीवर सामना पाहण्यास आलेल्या समर्थकांच्या हाती एक पत्रक पडले. क्लब येथून क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर जात आहे, असे त्यात लिहिले होते. २१ सप्टेंबर रोजी स्टोक सिटीविरुद्धचा सामना खेळून चार्लटनने व्हॅलीचा निरोप घेतला.

खेळाच्या दृष्टीने या वनवासाची सुरुवात अनपेक्षितपणे चांगली झाली. त्याच हंगामात चार्लटनला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, १९५७ नंतर प्रथमच. परंतु समर्थकांच्या मनाने सेलहर्स्ट पार्कला घर मानले नाही. नकाशावर हे दोन्ही भाग दक्षिण लंडनमध्येच येतात, अंतरही काही मोठे नाही, पण तेथवर सरळ जाणारी वाहतूक नाही. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटेल. लंडनमधील क्लब मात्र त्या विशाल शहराचे नसतात, ते आपापल्या मोहल्ल्याचे असतात, आणि मोहल्ल्याबाहेर नेलेला क्लब अनेकांच्या दृष्टीने नुसता नावाचाच उरतो.

१९८९ मध्ये क्लबाने व्हॅलीवर परतण्याचा संकल्प जाहीर केला. चार वर्षांत मैदानावर माणसाच्या उंचीची झुडपे माजली होती आणि पायऱ्यांच्या भेगांतून रोपटी उगवली होती. समर्थक स्वतः कोयते-फावडी घेऊन आले, त्यांनी तण उपटले व त्याची होळी केली. तथापि जानेवारी १९९० मध्ये ग्रीनिच नगर परिषदेने नव्या बांधकामाचा आराखडा नामंजूर केला.

यानंतर जे घडले त्यास इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात जोड नाही. समर्थकांनी ‘व्हॅली पार्टी’ नावाचा राजकीय पक्ष काढला आणि मे १९९० ची नगर परिषदेची निवडणूक लढवली. मैदान परत मिळावे ही एकच मागणी त्यांनी मांडली. पक्षाला एकही जागा मिळाली नाही, पण १४,८३८ मते पडली, म्हणजे एकूण मतांच्या दहा टक्क्यांहून अधिक. एखाद्या क्लबाच्या प्रश्नावर एवढी मते फिरू शकतात हे पाहून परिषदेने धोरण बदलले आणि १९९१ मध्ये नव्या आराखड्यास मान्यता दिली. दरम्यान क्लब सेलहर्स्ट पार्क सोडून थेम्सपलीकडील वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कवर गेला होता. अखेर ५ डिसेंबर १९९२ रोजी पोर्ट्‌स्मथविरुद्ध खेळून चार्लटन व्हॅलीवर परतला. कॉलिन वॉल्श यांच्या गोलमुळे सामना १-० असा जिंकला गेला. त्या दिवशी स्टेडियमचा बराचसा भाग अपुरा होता आणि प्रेक्षक आठ हजारांच्या आसपासच होते.

विम्बल्डन

चार्लटनची कथा घरी परतण्याची आहे, तर विम्बल्डनची कथा न परतण्याची. याच लहानशा क्लबाने १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवून एफए चषक जिंकला होता. त्याचे प्लाऊ लेन हे मैदान टेलर अहवालाच्या अटी पुऱ्या करू शकणार नाही, असे कारण देऊन १९९१ मध्ये क्लब सेलहर्स्ट पार्कवर गेला. म्हणजे चार्लटनने रिकाम्या केलेल्या खोलीत विम्बल्डन आला. ही सोय तात्पुरती आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. ती बारा वर्षे टिकली. या काळात प्लाऊ लेनची जमीन एका सुपरमार्केट कंपनीस विकली गेली. नव्या जागेच्या गोष्टी होत राहिल्या, एकदा तर क्लब आयर्लंडमधील डब्लिनला नेण्याचाही विचार झाला. परंतु विम्बल्डनच्या परिसरात वीट रचली गेली नाही.

२८ मे २००२ रोजी तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगाने दोन विरुद्ध एक मताने क्लबाला विम्बल्डनहून सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या शहरी स्थलांतराची परवानगी दिली. क्लबाने सप्टेंबर २००३ मध्ये तेथे खेळण्यास प्रारंभ केला आणि २००४ मध्ये ‘एमके डॉन्स’ हे नाव धारण केले. इंग्लिश फुटबॉलमध्ये या घटनेविषयीचा रोष अद्याप शमलेला नाही.

समर्थकांनी २००२ च्या उन्हाळ्यातच एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब स्थापन केला. विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि लीगच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. खेळण्यासाठी त्यांनी किंग्स्टनियन या स्थानिक क्लबाच्या किंग्समेडो मैदानाची निवड केली. किंग्स्टनियन तेव्हा आर्थिक अडचणीत असल्याने मैदानाचा ताबा त्याच्या हातून निसटलेला होता. २००३ मध्ये एएफसी विम्बल्डनने मैदान विकत घेतले आणि मूळचा घरमालक भाडेकरू होऊन तेथेच राहिला. पुढे प्लाऊ लेनच्या पुनरागमनासाठी पैसा उभारताना एएफसी विम्बल्डनने किंग्समेडो चेल्सीला विकले. आज तेथे चेल्सीचा महिला संघ खेळतो. किंग्स्टनियनला २०१७ मध्ये ते सोडावे लागले आणि तो दुसऱ्यांच्या मैदानांवर फिरू लागला. एका बेघर क्लबाचे घर व्हावे म्हणून दुसरा बेघर झाला, ही बाब विम्बल्डनच्या गौरवगाथेत सहसा सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे.

नवे प्लाऊ लेन जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतींच्या जुन्या स्टेडियमच्या जागी उभे राहिले. २०२०-२१ च्या आरंभी बांधकाम अपुरे असल्याने एएफसी विम्बल्डनने काही सामने क्वीन्स पार्क रेंजर्सच्या लॉफ्टस रोडवर खेळले. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध (२-२) पहिला सामना झाला. एकोणतीस वर्षांनी क्लब आपल्या गावी आला खरा, पण कोविडच्या निर्बंधांमुळे तो क्षण पाहण्यास स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते.

ब्रायटन

ब्रायटन अँड होव्ह ॲल्बियन १९०२ पासून गोल्डस्टोन ग्राउंडवर खेळत होता. १९९५ मध्ये संचालकांनी कर्जफेडीचे कारण सांगून हे मैदान विकले आणि ते विकताना पर्यायी मैदानाची कोणतीही तजवीज केली नाही. नवे घर पाहिल्याशिवाय जुने विकणे हा व्यवहार कोणत्याही संसारी माणसास अविचाराचा वाटेल. ब्रायटनच्या समर्थकांनाही तो तसाच वाटला. २७ एप्रिल १९९६ रोजी यॉर्क सिटीविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मैदानात घुसून १६ मिनिटांत खेळ बंद पाडला. पुढील हंगामातही असाच प्रकार घडल्याने क्लबाचे दोन गुण कापण्यात आले. ८ फेब्रुवारी १९९७ रोजी अनेक क्लबांचे समर्थक आपापल्या रंगांचे शर्ट घालून ब्रायटनच्या पाठिंब्यासाठी गोल्डस्टोनवर एकत्र आले.

२६ एप्रिल १९९७ रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध गोल्डस्टोनवरचा अखेरचा सामना झाला. आठवड्याने, ३ मे रोजी हेरफर्ड येथे १-१ अशी बरोबरी साधून ब्रायटन कसाबसा लीगमध्ये तगला आणि हेरफर्ड लीगबाहेर फेकला गेला. तो सामना ब्रायटन हरला असता, तर मैदान नाही, पैसा नाही आणि लीगही नाही अशी स्थिती झाली असती. अशा स्थितीतून क्लब वाचण्याची शक्यता फार थोडी होती.

पुढची दोन वर्षे ब्रायटनचे ‘घरचे’ सामने केंट परगण्यातील जिलिंगहॅम क्लबाच्या मैदानावर झाले. हे ठिकाण ब्रायटनपासून सुमारे ११० किलोमीटर दूर. प्रत्येक घरच्या सामन्यासाठी जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागे, आणि तरीही दोन-अडीच हजार लोक तो करीत. १९९९ मध्ये क्लब शहरात परतला तो विदडीन या धावपट्टी असलेल्या ॲथलेटिक्स स्टेडियमवर. तात्पुरते लोखंडी स्टँड उभारून भागवलेली ही सोयही, नव्या जागेची परवानगी न्यायालयीन व सरकारी फेऱ्यांत अडकल्याने, बारा वर्षे चालली. फॉल्मर येथील नवे स्टेडियम २०११ मध्ये खुले झाले. ६ ऑगस्ट २०११ च्या तेथील पहिल्या लीग सामन्यातील प्रतिस्पर्धी योगायोगाने डॉनकास्टर रोव्हर्स हाच होता.

अन्य इंग्लिश उदाहरणे

ब्रिस्टल रोव्हर्सने १९८६ ते १९९६ ही दहा वर्षे शेजारच्या बाथ शहरातील ट्वर्टन पार्कवर काढली. फुलहॅमने क्रेव्हन कॉटेजचे नूतनीकरण चालू असताना २००२ ते २००४ या दोन हंगामांत लॉफ्टस रोडचा आश्रय घेतला आणि तो वेळेत परतला. असे सुखरूप उदाहरण या यादीत विरळाच. कॉव्हेंट्री सिटीने मात्र भाड्याच्या वादातून २०१३ मध्ये आपले शहर सोडले आणि नवे स्टेडियम बांधेपर्यंत नॉर्दॅम्प्टनमध्ये खेळू असे जाहीर केले. बहुसंख्य समर्थकांनी तिकिटे घेण्यास नकार दिला, तर काहींनी स्टेडियमबाहेरच्या टेकडीवर उभे राहून सामने पाहिले. नवे स्टेडियम झालेच नाही आणि सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब जुन्याच वास्तूत परतला. २०१९ ते २०२१ या काळात त्याला पुन्हा शहर सोडून बर्मिंगहॅममध्ये जावे लागले.

टॉटनहॅम आणि वेम्बली

श्रीमंत क्लबांच्या बाबतीत अस्तित्वाचा प्रश्न नसतो, तेथे प्रश्न असतो वेळापत्रकाचा. टॉटनहॅमने १४ मे २०१७ रोजी व्हाइट हार्ट लेनवरील शेवटचा सामना मँचेस्टर युनायटेडविरुद्ध २-१ असा जिंकला आणि तो एका हंगामापुरता वेम्बली या राष्ट्रीय स्टेडियमवर गेला. १० फेब्रुवारी २०१८ रोजी तेथे आर्सेनलविरुद्धच्या सामन्यास ८३,२२२ प्रेक्षक आले, हा प्रीमियर लीगचा विक्रम आहे. मेन रोडवरील १९४८ च्या सामन्याशी तुलना केल्यास गंमत दिसते. दोन्ही विक्रम भाडेकरू क्लबांनी केलेले आहेत आणि दोन्ही वेळी समोर आर्सेनलच होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये नव्या स्टेडियमच्या सुरक्षा यंत्रणेत दोष आढळल्याने प्रवेश लांबला. वेम्बलीचे इतर कार्यक्रम आधीच ठरलेले असल्याने टॉटनहॅमची कोंडी झाली. २८ ऑक्टोबर रोजी तेथे अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला आणि दुसऱ्याच दिवशी मँचेस्टर सिटीविरुद्धचा प्रीमियर लीग सामना उखडलेल्या गवतावर खेळवावा लागला. मैदानाच्या मध्यभागी अमेरिकन लीगचे बोधचिन्ह पुसट, पण ओळखू येईल इतके शिल्लक होते. सुमारे ६२,८५० क्षमतेचे नवे स्टेडियम ३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्याने सुरू झाले. तेथील पहिला गोल कोरियाच्या सोन ह्युंग-मिन याने केला.

युरोपातील अन्य देश

इटलीत युव्हेंटस आणि तोरिनो २००६ पासून तुरिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर एकत्र खेळत होते. त्याच काळात युव्हेंटसने आपले देले आल्पी हे जुने, प्रेक्षकांना नावडते स्टेडियम पाडून त्याच जागी नवे बांधले. ८ सप्टेंबर २०११ रोजी त्याच्या उद्‌घाटनास इंग्लंडमधील नॉट्स काउंटी या लहान क्लबास निमंत्रण होते, कारण युव्हेंटसचा काळा-पांढरा पोशाख १९०३ मध्ये नॉट्स काउंटीकडूनच आलेला आहे. जर्मनीत बायर लेव्हरकूजेनने स्टेडियमच्या विस्तारासाठी २००९ च्या पूर्वार्धात ड्युसेलडॉर्फमध्ये सामने खेळले. रेआल माद्रिदने कोविडच्या काळात स्टेडियम रिकामीच ठेवावी लागणार हे हेरून सुमारे सहा हजार क्षमतेच्या आपल्या सराव संकुलातील मैदानावर मुक्काम हलवला आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत बेर्नाबेऊचे काम पुढे रेटले.

बार्सिलोना शहरातील मोंज्युइक टेकडीवरील ऑलिंपिक स्टेडियमने दोन पिढ्यांचे भाडेकरू पाहिले. १९९७ मध्ये कर्जामुळे सारिया हे मैदान विकावे लागलेला एस्पान्योल तेथे २००९ पर्यंत राहिला. पुढे २०२३ मध्ये कँप नोऊच्या पुनर्बांधणीसाठी एफसी बार्सिलोना त्याच टेकडीवर आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, क्लबाच्या १२५ व्या वर्धापनदिनाच्या सुमारास परतण्याचा बेत होता, तो वर्षभर लांबला. या मुक्कामात बार्सिलोनाने २०२४-२५ ची लीग जिंकली आणि तीवर शिक्कामोर्तब झाले ते एस्पान्योलच्या नव्या स्टेडियमवर. २२ नोव्हेंबर २०२५ रोजी ॲथलेटिक बिल्बाओविरुद्ध ४-० असा विजय मिळवून क्लब अपुऱ्या कँप नोऊवर परतला.

व्यवहार

सामायिक मैदानाचा करार प्रायः ठरावीक भाडे किंवा तिकीटविक्रीतील वाटा, अथवा दोन्ही, अशा स्वरूपाचा असतो. खाद्यपदार्थ, जाहिरातफलक व वाहनतळ यांचे उत्पन्न सहसा घरमालकाकडे जाते. भाडेकरूचे खरे नुकसान येथेच होते, कारण प्रेक्षक घटतातच, शिवाय आलेल्या प्रेक्षकाकडून मिळणारे जोड उत्पन्नही हातचे जाते. लीगची मान्यता आवश्यक असते आणि वेळापत्रक आखताना दोघांचे घरचे सामने एकाच दिवशी येऊ नयेत, अशी जोडी बांधावी लागते. पोलीस बंदोबस्त आणि स्थानिक प्रशासनाचा सुरक्षा परवाना हे वेगळेच. सर्वांत नाजूक बाब गवताची. एका क्लबाच्या हंगामात दोन आठवड्यांची विश्रांती मिळणाऱ्या हिरवळीवर दर आठवड्याला सामना होऊ लागला की हिवाळ्यात ती तग धरत नाही. कृत्रिम धागे विणलेल्या संकरित हिरवळीमुळे अलीकडे हा प्रश्न पुष्कळ सौम्य झाला आहे.

घरमालकास भाड्याचा लाभ होतो, परंतु त्याच्या समर्थकांना ही सोयरीक क्वचितच आवडते.

भारतातील स्थिती

भारतात क्लबाच्या मालकीची मोठी स्टेडियम फारशी नाहीत. बहुतेक स्टेडियम राज्य सरकारची, महापालिकांची किंवा संघटनांची असल्याने येथे मैदान सामायिक असणे हाच नियम आहे. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या क्लबांनी मडगावच्या फातोर्डा येथील एकाच स्टेडियमवर वर्षानुवर्षे राष्ट्रीय स्पर्धांचे सामने खेळले आणि त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. मुंबईत कूपरेज मैदानाचे नूतनीकरण चालू असताना मुंबई एफसीला आय-लीगचे घरचे सामने पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळावे लागले. ते पुणे एफसीचे मैदान होते. मुंबईच्या समर्थकास घरच्या सामन्यासाठी घाट ओलांडून दीडशे किलोमीटर जावे लागे, म्हणजे ब्रायटनकरांहूनही दूर. कोलकात्यात २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी सॉल्ट लेक स्टेडियम बंद झाले तेव्हा ईस्ट बंगाल व मोहन बागान बारासातच्या स्टेडियमवर खेळले, तर एटीके २०१६ च्या इंडियन सुपर लीगमध्ये रवींद्र सरोवर स्टेडियमवर गेला. पुढील हंगामात एटीके नूतनीकरण झालेल्या सॉल्ट लेकवर परतला.